नभोवाणीचे घरगुती वेटोळे : तार कोणत्या धातूची घ्यावी ?

इयत्ता सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांकडून नभोवाणीची लहर पकडणारे वेटोळे करून घ्यावे, अशी सूचना केंद्रसभेत निघाली की शिक्षकबंधूंचा व भगिनींचा पहिला प्रश्न तारेविषयी असतो. तांब्याची तार महाग पडते. ॲल्युमिनियमची चालेल काय? शाळेच्या कुंपणाची लोखंडी तार उरली आहे, ती वापरावी काय ? प्रश्न खर्चाचा असल्यामुळे त्याचे उत्तर अंदाजाने देणे बरे नव्हे. शिवाय ह्या उत्तरात विद्युत्शास्त्राचा एक असा नियम दडलेला आहे की जो पाठ्यपुस्तकातील रोधाच्या धड्यावरून सहसा सुचत नाही.

प्रथम वेटोळ्याची रचना. लाकडाच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ८५ सेंटीमीटर लांबीच्या, फुलीसारख्या जोडाव्यात. चारही टोकांना ६ सेंटीमीटरची आडवी पट्टी ठोकून तीवर ५ मिलिमीटर अंतराने ११ खाचा पाडाव्यात. खाचांतून तार गुंडाळली म्हणजे ६० सेंटीमीटर बाजूचे ११ वेढ्यांचे चौकोनी वेटोळे होते. त्यास सुमारे २७ मीटर तार लागते. तारेची दोन टोके ५०० पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरला जोडावीत. जुने सेट दुरुस्त करणाऱ्यांकडे असा कंडेन्सर मिळतो. एवढ्यावर मध्यम लहरींचा बहुतेक पट्टा आटोक्यात येतो. वेटोळे ट्रांझिस्टर सेटला तारेने जोडावयाचे नाही. सेट वेटोळ्याच्या मध्याजवळ असा धरावा की त्याच्या आतील फेराइटची कांडी वेटोळ्याच्या पातळीशी काटकोनात राहील, आणि मग कंडेन्सर हळूहळू फिरवावा. योग्य जागी येताच क्षीण केंद्र एकाएकी स्पष्ट होते. मुलांना ह्याचे फार नवल वाटते. आकाशवाणीची मध्यम लहरींवरील काही प्रक्षेपणे अलीकडे बंद झाली आहेत. यास्तव आपल्या गावी कोणते केंद्र ऐकू येते हे आधी पाहून ठेवावे.

आता धातूकडे वळू. एक मिलिमीटर व्यासाच्या २७ मीटर तांब्याच्या तारेचा रोध, घटाच्या एकदिश प्रवाहास, जेमतेम ०.६ ओहम असतो. तेवढ्याच ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध ह्याच्या १.६ पट भरतो. ह्यावरून वेटोळ्यातही ॲल्युमिनियम तितकेच उणे पडेल असे वाटते. पण तसे घडत नाही. नभोवाणीच्या लहरीने उत्पन्न होणारा प्रवाह सेकंदास सुमारे दहा लक्ष आवर्तने करतो. असा प्रवाह तारेभोवती व तारेच्या आतही सतत बदलते चुंबकक्षेत्र निर्माण करतो, ते क्षेत्र गाभ्यातील प्रवाहास विरोध करते, आणि परिणामी प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरातूनच वाहतो. ह्यास पृष्ठीय परिणाम म्हणतात. होरेस लॅम यांनी १८८३ मध्ये गोलाकार वाहकांपुरते ह्याचे गणित मांडले व ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८५ मध्ये ते कोणत्याही आकाराच्या वाहकास लागू केले.

दहा लक्ष आवर्तनांना तांब्यातील ह्या थराची जाडी केवळ ०.०६६ मिलिमीटर असते. म्हणजे आपली एक मिलिमीटरची भरीव तार व्यवहारतः पोकळ नळी ठरते, आणि तिचा रोध ०.६ वरून सुमारे २.३ ओहमवर जातो. ॲल्युमिनियममध्ये हाच थर ०.०८२ मिलिमीटर, म्हणजे अधिक जाड असतो. धातू कमी प्रतीचा वाहक खरा, पण प्रवाहाला वाट अधिक रुंद मिळते ! त्यामुळे १.६ पटीचा फरक येथे सव्वापटीवर उतरतो. ॲल्युमिनियमची तार सव्वा मिलिमीटर व्यासाची घेतली तर तोही फरक उरत नाही. शिवाय शेजारच्या वेढ्यांचा परस्परांवरील परिणाम, लाकडी सांगाड्यातील ओलावा आणि सेट स्वतः ओढून घेतो ती शक्ती, ह्या सर्वांची हानी मिळून आणखी पाच-सहा ओहमांएवढी सहज भरते. तीत अर्ध्या ओहमाची भर कानाला कळणार नाही.

लोखंडाची गोष्ट अगदी निराळी आहे. लोखंडाचा रोध तांब्याच्या सहापट, एवढ्यावर भागले असते तर त्याचीही गय करता आली असती. परंतु लोखंड चुंबकीय असल्यामुळे त्यातील प्रवाहाचा थर अतिशय पातळ होतो, आणि उच्च आवर्तनांना त्याचा रोध, लोखंडाच्या जातीनुसार, तांब्याच्या वीसपट किंवा त्याहूनही अधिक होतो. वेटोळ्यात ४५-५० ओहमांची भर पडली की केंद्राचा आवाज तर खाली जातोच, पण केंद्रे वेगळी करण्याची शक्तीही जाते. मध्यम लहरींवरील केंद्रे एकमेकांपासून ९ किलोहर्ट्झ अंतराने मांडलेली असतात, आणि लोखंडी वेटोळे एकाच वेळी ४० किलोहर्ट्झहून अधिक रुंदीचा पट्टा उचलते. जस्ताचा मुलामा असलेली कुंपणाची तार थोडी बरी, कारण काही प्रवाह जस्तातून जातो; तरी तो मुलामा पुरेसा जाड नसतो. तेव्हा लोखंडी तार मुख्य वेटोळ्यास वापरू नये. एक नमुना मात्र मुद्दाम तिचा करावा. त्याचे कारण पुढे येईल.

विजेच्या फिटिंगची बारीक तंतूंची लवचीक तार तांब्याचीच असते व ती चालते. परंतु पुष्कळ तंतू आहेत म्हणून ती विशेष गुणकारी, हा समज चुकीचा होय. तंतू एकमेकांना उघडे चिकटलेले असल्याने त्यांची मिळून एकच तार होते. प्रत्येक तंतूवर वेगळे रोधक आवरण असलेली, पीळ दिलेली लिट्झ तार निराळी. तिचा लाभ खरा, पण शाळेला तिची गरज नाही. मोटार वाइंडिंग करणाऱ्या दुकानातून इनॅमलची तांब्याची तार तुकड्यांनी मिळाली तर ती उत्तम.

मुलांनी हे सर्व ऐकून न घेता करून पाहावे. तांबे, ॲल्युमिनियम व लोखंड ह्यांची समान जाडीची, समान वेढ्यांची तीन वेटोळी करावीत. कोणते वेटोळे जोडले आहे हे ऐकणाऱ्या मुलांना दिसू देऊ नये. नाहीतर तांब्याचे नाव ऐकताच आवाज मोठा वाटू लागतो. प्रयोग दुपारी करावा, कारण रात्री दूरची केंद्रे आपोआपच चढतात-उतरतात. जवळचे बलवान केंद्र निवडू नये. सेटमध्ये आवाज सारखा राखण्याची योजना असते व ती सर्व फरक झाकून टाकते. आवाजापेक्षा कंडेन्सरची खुंटी किती फिरविल्यावर केंद्र नाहीसे होते ते मोजणे अधिक विश्वसनीय. तांबे व ॲल्युमिनियम ह्यांत खुंटी जवळजवळ सारखीच फिरते. लोखंडाच्या वेटोळ्यावर ती किती तरी अधिक फिरवावी लागते. मोबाइलचा चार्जर व एल.ई.डी. दिवे प्रयोगाच्या वेळी बंद असावेत. त्यांची खरखर पुष्कळ असते. तार कोणत्याही परिस्थितीत विजेच्या खांबावरील किंवा खाली पडलेल्या वाहिनीची आणू नये, हे मुलांना निक्षून सांगावे.

सारखी तार घेऊनही दोन शाळांच्या वेटोळ्यांत फरक आढळतो तो बहुधा सांध्यामुळे. इनॅमल पूर्ण न खरवडता जोडलेले टोक अनेक ओहमांचा रोध आणते, म्हणजे धातूच्या निवडीने वाचविलेले सारे तेथे जाते. ॲल्युमिनियमवर हवेने क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा चढतो व साधे कथील त्यास धरत नाही. म्हणून टोक कानशीने घासून लगेच स्क्रू व वॉशरखाली घट्ट दाबावे. ॲल्युमिनियम आणि तांबे ह्यांचा सांधा ओलाव्याने पोखरला जातो. कोकणातील शाळांनी पावसाळ्याअखेर हे स्क्रू उघडून, टोके पुन्हा घासून बसवावीत.