भातुकलीची काळजी सोड

चि. नंदू यास,


धाकटा भातुकलीत रमतो, ताईची ओढणी गुंडाळून मिरवतो, याची तुला काळजी वाटते असं फोनवर म्हणालास. चार वर्षांच्या पोराचं त्याने काही बिघडत नाही. माझ्या बालवाडीत ओढणी गुंडाळणारे मुलगे आणि पट्टीची तलवार करणाऱ्या मुली दरवर्षी असायच्या. आपण मुलगा की मुलगी हे मुलं तिसऱ्या वर्षाच्या सुमारास सांगू लागतात. पण कपडे बदलले म्हणून ते बदलत नाही, हे पक्कं उमगायला आणखी काही वर्षं जातात. तोवर ती सगळंच अंगावर घालून बघणार.

मला काळजी आहे ती वेगळीच. दिवाळीत तुमच्या अंगणात किल्ला चालला होता. थोरलीने चिखलात हात घातला तर वहिनीने, म्हणजे तुझ्या आईने, तिला उठवून रांगोळीला बसवलं. मग धाकट्याच्या हातून मावळा पडला, मान तुटली, पोर हुंदके देऊ लागलं. तू म्हणालास, "मुलीसारखा काय रडतोस?" तो गप्प झाला. थोरलीने मात्र ठिपके सोडून तुझ्याकडे पाहिलं. भाऊ रडू गिळायला शिकला, आणि मुलगी असणं ही हिणवायची गोष्ट आहे हे बहिणीला बापाच्या तोंडून कळलं.

मुलं असंच शिकतात, पाहून आणि ऐकून. अल्बर्ट बांडुरा यांचा १९६१ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे: मोठ्या माणसाला बाहुला बदडताना पाहिलेल्या मुलांनी, कुणी न सांगता, तसाच बाहुला बदडला. पुरुषाला मारताना पाहिलेले मुलगे त्यात पुढे होते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आईबाबा मिळून भाजी निवडताहेत असं चित्र घातलं. चांगलं केलं. पण पोर ते पान चार वेळा बघणार आणि तुला रोज.

गिळलेलं रडू कुठे जातं, हे आपल्या घरात तू पाहिलं आहेस. गिरणी बंद पडल्यावर माझा दादा कुणाशी बोलला नाही. रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्या वाढल्या. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत दहातले सात पुरुष. कर्ज, आजार, घरचे कलह, कारणं पुष्कळ असतात. तरी मदत मागण्याची लाज त्यात आहेच, असं माझं मत आहे.

थोरलीचं याहून अवघड. सँड्रा बेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली 'पुरुषी' आणि 'बायकी' समजल्या जाणाऱ्या गुणांची एक प्रश्नावली तयार केली. कणखरपणा आणि मायाळूपणा दोन्ही अंगी असलेलं माणूस प्रसंग पडेल तसं वागू शकतं, त्याचं मन निरोगी राहतं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या अभ्यासांनी त्याला मुरड घातली: आत्मविश्वासाचं नातं जास्त करून 'पुरुषी' समजल्या जाणाऱ्या गुणांशीच निघालं, म्हणजे ठामपणा, स्वतःचा निर्णय स्वतः घेणं. मला नवल वाटलं नाही. जगात ज्या गुणांना भाव, ते अंगी असले की माणूस ताठ मानेने वावरणारच. पण ही काही पुरुषांची वतनदारी नव्हे. तिला चिखलात हात घालू दे, वाद घालू दे, नाही म्हणू दे. "गुणी बाई माझी" हे कौतुक ती गप्प बसते म्हणून करत असशील, तर ते आधी थांबव.

वहिनीशी मात्र भांडू नकोस, तिला हेच शिकवलं गेलं. रविवारी कुकर तू लाव, आणि मुलं घरात असताना लाव. ऑफिसात साहेबाने झापलं तर तेही सूनबाईला मुलांसमोर सांग. आणि धाकटा परत रडला तर काय झालं एवढं विचार, नि तो सांगेपर्यंत थांब.

तुझी,
आत्या