सिलिंडरचा भाव कोण ठरवतं?

प्रश्न : बाहेर गॅस स्वस्त झाला तरी आमचा सिलिंडर का उतरत नाही? – एक गृहिणी, जामसंडे

उत्तर : ताई, आपला निम्म्याहून अधिक गॅस आयात होतो. त्याचा आधार म्हणजे सौदी अरामकोचा दरमहाचा भाव आणि डॉलर. पण घरगुती सिलिंडर हलतो तो सरकारने ठरवलं की. मुंबईत ऑगस्ट २०२३ मध्ये ११०२.५० रुपयांचा सिलिंडर एका फटक्यात २०० रुपयांनी उतरला, ८ मार्च २०२४ ला आणखी १०० रुपयांनी. आठच दिवसांत लोकसभा निवडणूक जाहीर झाली. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये पुन्हा चढले. निवडणुकीआधी उतार, नंतर चढ, हा योगायोग आहे, असं मला वाटत नाही. घरगुती सिलिंडर कमी भावात विकणाऱ्या सरकारी तेल कंपन्यांचा तोटा भरायला केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये ३०,००० कोटी मंजूर केले, तेही आपल्याच करातून. खानावळवाल्यांच्या १९ किलोच्या टाकीला असा आडोसा नाही.

भाव आपल्या हातात नाही, पण घरची टाकी घेताना वजन करून घ्या. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन असतं, त्यात १४.२ किलो मिळवा; काट्यावर तेवढं भरलं पाहिजे. गॅस वाचवायला, पाणी तापवण्यासाठी नारळाची सोडणं जरूर वापरा, पण पडवीत किंवा मागील दारी. बंद स्वयंपाकघरात तो धूर छातीत बसतो.