स्टेडियम आधी, घरं नंतर : ब्रुकलिनच्या लढ्यातले धडे

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, प्रॉस्पेक्ट हाइट्समध्ये मी भाड्याच्या घरात राहत होते. डिसेंबर २००३ मध्ये आमच्या शेजारच्या २२ एकरांवर ‘अटलांटिक यार्ड्स’ नावाच्या प्रकल्पाची घोषणा झाली. बास्केटबॉलचं भव्य बंदिस्त स्टेडियम, भोवती उंच इमारती आणि आराखडा फ्रँक गेरी यांचा. पुढे मंजूर झालेल्या योजनेत १६ इमारती आणि ६,४३० घरं होती, त्यांतली २,२५० परवडणाऱ्या दरांची. त्यासाठी लागणारी काही जागा रेल्वे यार्डाची होती, तर काही ठिकाणी माणसं राहत होती, दुकानं चालत होती. आम्ही रहिवाशांनी वर्षानुवर्षं विरोध केला. स्टेडियम उभं राहिलंच. पण त्या लढ्यात जे शिकलो ते दुसऱ्या एखाद्या वस्तीच्या कामी यावं, म्हणून लिहिते आहे.

१. समोरच्या बाजूची गरज खरी असते.

ब्रुकलिनचा लाडका बेसबॉल संघ, डॉजर्स, १९५७ च्या मोसमानंतर लॉस एंजेलिसला गेला. संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांना आमच्याच परिसरात मैदान बांधायचं होतं, पण शहराच्या बांधकामांवर हुकमत असलेल्या रॉबर्ट मोझेस यांनी ते होऊ दिलं नाही. ती खंत जुन्या घरांतून अजून बोलली जायची. त्यामुळे, या वेळी खेळ बास्केटबॉलचा असला तरी, ‘ब्रुकलिनला पुन्हा स्वतःचा संघ मिळणार’ या वाक्यात मोठी ताकद होती. जनसुनावणीला बांधकाम कामगार यायचे, भाडं परवडत नाही म्हणून हवालदिल झालेल्या बायका यायच्या. त्यांना काम हवं होतं, घर हवं होतं. त्यांना विकले गेलेले म्हणणं अन्यायाचं होतं, आणि असं कुणी म्हटलं की आमचीच बाजू लंगडी पडायची.

२. ‘नको’ म्हणताना ‘हे हवं’ तेही सांगा.

२००४ मध्ये रहिवासी आणि वास्तुरचनाकारांनी मिळून ‘युनिटी’ नावाचा पर्यायी आराखडा मांडला. रेल्वे यार्डावर छत घालून त्यावर घरं बांधावीत, कुणाचंही राहतं घर घेऊ नये, हे त्याचं सूत्र. आमचा विरोध घरांना नाही, लोकांना उठवण्याला आहे, हे त्या आराखड्यामुळे ठामपणे सांगता आलं. पर्याय हातात असला की ‘विकासाचे विरोधक’ हा शिक्का सहजी बसत नाही.

३. सही कुणाची लागणार, हे सर्वांत आधी शोधा.

आमच्या नगरसेविका लेटिशिया जेम्स उघडपणे प्रकल्पाच्या विरोधात होत्या. पण नगर परिषदेत या प्रकल्पावर मतदान झालंच नाही. राज्य सरकारच्या विकास महामंडळाने प्रकल्प हाती घेतला आणि शहराचे बांधकामाचे नियम बाजूला ठेवले. डिसेंबर २००६ मध्ये राज्य पातळीवरच मंजुरी मिळाली. ज्या सभागृहाला अधिकारच नाही त्याच्या दारात शक्ती खर्च करू नका. अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्या बैठका, मुदती आणि नियम पाठ करा.

४. व्याख्या ठरते तेव्हाच हरकत घ्या.

अशा प्रकल्पासाठी खासगी मालमत्ता सक्तीने घ्यायची, तर न्यूयॉर्कमध्ये वस्ती बकाल आहे हे दाखवावं लागतं. त्यासाठी झालेल्या पाहणीत एक निकष असा होता : नियमानुसार जेवढं बांधता येतं त्याच्या ६० टक्के किंवा त्याहून कमी बांधकाम असलेला भूखंड म्हणजे बकालपणाची खूण. नीटनेटकं, माणसं राहत असलेलं दुमजली घरही या हिशेबात बसतं. २००५ मध्ये ‘केलो’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी आर्थिक विकासासाठी अशा सक्तीला मान्यता दिली होती. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही आमच्या बाजूचे लोक ६ विरुद्ध १ असे हरले. वस्ती बकाल आहे की नाही हे ठरवणं महामंडळाचं काम, त्यात आम्ही ढवळाढवळ करणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. पाहणीचा अहवाल एकदा सरकारी फायलीत पक्का झाला, की न्यायालयात तो उखडणं फार अवघड जातं.

५. सार्वजनिक जमिनीचा भाव विचारा.

रेल्वे यार्ड सार्वजनिक वाहतूक प्राधिकरणाच्या मालकीचं होतं. २००५ मध्ये बोली मागवल्या तेव्हा दुसऱ्या एका कंपनीने १५ कोटी डॉलर देऊ केले, तर प्रकल्पाच्या विकासकाने ५ कोटी रोख. पुढे त्याने आकडा १० कोटींवर नेला आणि जागा त्यालाच मिळाली. २००९ मध्ये अटी आणखी सैल झाल्या : २ कोटी आधी, बाकी २२ वर्षांत. ही रक्कम सार्वजनिक वाहतूक चालवणाऱ्या संस्थेची होती. भावाचा प्रश्न विचारायला स्टेडियमच्या बाजूचं किंवा विरोधातलं असावं लागत नाही. कर आणि तिकीट भरणारा प्रत्येक जण तो विचारू शकतो.

६. काय बांधणार यापेक्षा आधी काय बांधणार, हे महत्त्वाचं.

सगळ्या धड्यांचं सार माझ्या मते इथे आहे. स्टेडियम सप्टेंबर २०१२ मध्ये रॅप गायक जे-झीच्या कार्यक्रमाने सुरू झालं. घरांची पहिली इमारत उघडायला २०१६ उजाडलं. मंजुरीच्या वेळी सगळं काम १० वर्षांत होईल असं सांगितलं होतं. २००९ च्या फेरबदलांनंतर करारात २५ वर्षांची मुभा निघाली. रहिवासी पुन्हा न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये निकाल आला, की एवढ्या लांबलेल्या कामाचे परिणाम नव्याने तपासा. त्याच दबावातून २०१४ चा समझोता झाला : २,२५० परवडणारी घरं मे २०२५ पर्यंत पूर्ण व्हावीत, नाहीतर उरलेल्या प्रत्येक घरामागे दरमहा २,००० डॉलर दंड. लढ्याने मिळवलेली सर्वांत ठोस गोष्ट हीच. पण मुदत संपली तेव्हा ८७६ घरं बाकी होती, आणि दंडाची वसुली लगेच सुरू झाली नाही. प्रकल्पात ठरलेलं यार्डावरचं छतही झालेलं नव्हतं. घरांच्या नावाने प्रकल्प मंजूर होत असेल, तर घरं तयार झाल्याशिवाय स्टेडियमचं दार उघडणार नाही, अशी अट मंजुरीतच लिहून घ्या.

७. करारावर पहारा कोण देणार, ते नावासकट ठरवा.

२००५ मध्ये विकासक आणि आठ स्थानिक संस्थांमध्ये लोकहिताचा करार झाला. नोकऱ्या, प्रशिक्षण, घरं यांची आश्वासनं त्यात होती, आणि ती पाळली जातात का हे बघणारा स्वतंत्र निरीक्षक नेमायचंही त्यात होतं. तो निरीक्षक कधीच नेमला गेला नाही. देखरेखीचा माणूस आणि त्याचा पगार सहीच्या दिवशीच ठरायला हवा.

८. नोंदी सांभाळा.

लढा लांबला की माणसं थकतात, घरं बदलतात, अधिकारी बदलतात. कुणी काय म्हटलं होतं याची तारीखवार नोंद असली, तर दहा वर्षांनीही जाब विचारता येतो. २०१४ मध्ये प्रकल्पाचं नाव बदलून ‘पॅसिफिक पार्क’ झालं. जुन्या नोंदींमुळे जुनी वचनं मात्र विसरली गेली नाहीत.

मराठी वाचकांना हे दूरचं वाटू नये. नवी मुंबईत घणसोलीला क्रीडा संकुलासाठी राखून ठेवलेली जमीन घरबांधणीकडे वळवली गेली होती. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तिथे मैदानाची जागा घरं घेत होती, आमच्याकडे घरांच्या वचनावर स्टेडियम आलं. दोन्हीकडे प्रश्न एकच : लोकांच्या नावाने घेतलेली जमीन लोकांना काय देते, आणि कधी? तुमच्या भागात असा प्रकल्प येत असेल, तर जाहिरातीतलं चित्र बाजूला ठेवा, मंजुरीचा आदेश मागवा आणि त्यात तारीख, क्रम व दंड शोधा. ते नसेल तर हरकत आजच लेखी नोंदवा.