घरीं करतां येणारी डब्याची कळ

आपल्या मांडवीच्या बंदराजवळील एखाद्या घरीं एक वृद्ध आजी एकट्याच राहतात, मुलें मुंबईस आहेत आणि दोन प्रहरचा डबा जवळच्या खाणावळींतून येतो, अशी कल्पना करा. दृष्टि मंद झाल्यामुळें मोबाइलवरील बारीक अक्षरें त्यांस वाचतां येत नाहींत. त्यांच्याकरितां भिंतीवर एकच कळ बसवावी आणि ती दाबतांच डबा मागविला जावा, असें यंत्र आपणांस करतां येईल काय?

असा प्रयोग पूर्वीं झालेला आहे. अमेरिकेंतील अ‍ॅमेझॉन कंपनीनें २०१५ सालीं ‘डॅश’ नांवाची कळ काढली. ती एकदां दाबली कीं ठरलेला जिन्नस घरपोंच येई. परंतु मागणी करतेवेळीं ग्राहकास किंमत दिसत नाहीं, हें कायद्यास धरून नाहीं, असा निर्णय जर्मनींतील म्यूनिकच्या वरिष्ठ न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें दिला. त्याच वर्षीं कंपनीनें ती कळ बंदही केली. न्यायालयाचा मुद्दा मात्र आपण ध्यानांत ठेवावा.

आतां कृति पाहूं. ईएसपी ८२६६ ही बिनतारी जोडणीची चिप बसविलेली लहान पट्टी मोबाइलच्या चार्जरवर चालते. घरांतील विजेची तार तिला थेट कधींही जोडूं नये. कळीचें एक टोंक पट्टीच्या संकेत घेणाऱ्या टोंकास व दुसरें ‘ग्राउंड’ला जोडावें. पहिल्या टोंकावर एरव्हीं ३.३ व्होल्ट दाब असतो. कळ दाबतांच तो शून्यावर येतो. हाच संकेत.

परंतु कळींतील धातूचे तुकडे एकमेकांवर आदळतांना किंचित् उसळतात, आणि चिप एकाच दाबण्यास तीनचार वेळां मोजते. एका डब्याचे चार डबे व्हावयाचे! म्हणून सेकंदाचा विसावा भाग थांबून, कळ अद्याप दाबलेलीच आहे ना, हें पुनः पाहण्याची आज्ञा चिपला द्यावी. प्रत्येक मागणीस क्रमांकही द्यावा. म्हणजे तोच संदेश दोनदां पोंचला तरी डबा एकच धरला जाईल.

घरच्या वायफायवरून हा संदेश खाणावळवाल्याच्या मोबाइलवर जातो. मग हिरवा दिवा केव्हां लागावा? संदेश निघाला तेव्हां नव्हे. खाणावळवाल्यानें तो स्वीकारल्याचें उत्तर परत आलें तेव्हां. नाहींतर दिवा पाहून आजी निश्चिंत बसतील आणि डबा येणारच नाहीं. कळीशेजारीं पदार्थ व किंमत ठळक अक्षरांत लिहावी. पावसाळ्यांत वीज गेली तर दिवा लागणार नाहीं. अशा वेळीं शेजाऱ्यांस हांक मारावी, हेंही आजींस सांगून ठेवावें.

यंत्रास केवळ स्पर्श समजतो, भूक समजत नाहीं. ती समजून घेण्याचें काम यंत्र करणाराचें आहे.