फटफटी : निष्ठा की दुरभिमान?

मोटारसायकल घरी आली की माणूस नकळत एका पक्षाचा होतो. आपल्या सडक अर्जुनीत चहाच्या टपरीवर बुलेटवाला इतर गाड्यांना हलके लेखतो, तर स्प्लेंडरवाला बुलेटच्या पेट्रोलखर्चाला हसतो.

या निष्ठेचे मूळ अनुभवात आहे. राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. १९८५ साली आलेल्या 'हिरो होंडा सीडी १००' चे इंजिन फोर-स्ट्रोक होते. ऑइल मिसळण्याची कटकट गेली आणि लिटरमागे गाडी अधिक लांब जाऊ लागली. धानाच्या बांधीवर रोज जाणाऱ्या शेतकऱ्याला अशी गाडी आवडली, यात पूर्वग्रह नव्हता; हिशेब होता.

परंतु हिशेब विसरून नुसते नाव उरले की दुरभिमान सुरू होतो. हिरो आणि होंडा या भागीदारांनी २०१० साली वेगळे होण्याचे ठरविले. आज त्या दोन स्पर्धक कंपन्या आहेत आणि काल एकाच नावाची शपथ घेणारे आज दोन तट करून भांडतात! मग निष्ठा होती ती कोणावर?

हा वाद टपरीपुरता असता तर करमणूक ठरला असता. पण लग्नात "अमुकच कंपनीची गाडी हवी" असा हट्ट धरला जातो, तेव्हा या मोहाची किंमत मुलीचा बाप कर्ज काढून मोजतो. १९६१ च्या कायद्याने हुंडा हा गुन्हा ठरविला आहे. गाडी जरूर पारखून घ्यावी. पण स्वतःच्या कमाईने घ्यावी, आणि दुसऱ्याच्या गाडीवरून त्याची लायकी ठरवू नये.