रानडुक्कर व रोही : गोळीची निवड

हरभरा घाटे धरू लागला की किनवट-माहूरच्या डोंगराकाठी रानडुकरांचे कळप शेतांत उतरतात. मांजरेकाठच्या उसात तर ते मुक्कामच करतात. उघड्या रानांत रोही उभी तूर खुडून नेतात. अशा वेळी बंदूक कोणती घ्यावी याची चर्चा गावोगाव होते, परंतु गोळी कोणती याचा विचार क्वचितच होतो. म्हणून त्याविषयी थोडे लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम कायदा. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यान्वये शिकारीस बंदी आहे. रानडुक्कर व रोही यांनी उभे पीक नासल्यास वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊन, तिच्या अटींत राहूनच, त्यांस मारता येते. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने पिकासाठी त्यास मारण्याची परवानगी मिळत नाही. तेथे पंचनामा व भरपाई हाच मार्ग. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, व ती अपुरी ठरल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक सांगितली आहे.

आता गोळी. रायफलीच्या गोळीच्या मुख्य जाती दोन. पहिलीचे शिसे टोकापर्यंत धातूच्या कवचाने झाकलेले असते. ती न पसरता आरपार जाते. दुसरीचे टोक उघड्या शिशाचे असते. ती अंगात शिरताच फुलते व आपला जोर तेथेच खर्च करते. असल्या फुलणाऱ्या गोळ्या कलकत्त्याजवळील डमडम येथे सैन्यासाठी तयार झाल्या होत्या. १८९९ साली हेग येथील जाहीरनाम्याने युद्धात त्या वर्ज्य ठरविल्या. जनावराच्या बाबतीत मात्र हीच दयेची गोळी होय, कारण ते लवकर पडते व तडफडत नाही.

रोह्याचा नर दोनशे किलोंहून अधिक भरतो. त्यास ३१५ बोरची मऊ टोकाची गोळी खांद्यामागे योग्य. जुन्या डुकराच्या खांद्यावर चिवट कातड्याची ढालच असते. बारीक छरे तीतच अडकतात. बाराबोरीत मोठ्या छऱ्यांचे काडतूस घ्यावे, आणि तेही पंचवीस-तीस वारांच्या आतच चालवावे. त्यापलीकडे बार काढूच नये.

आमच्या पाहण्यातील एका गावी बारीक छऱ्यांनी जायबंदी झालेले डुक्कर उसात शिरले. दुसऱ्या दिवशी तोडीस गेलेल्या एका बाईची मांडी त्याने फाडली. आदल्या रात्रीच्या बाराची तिला वार्ताही नव्हती.

शेवटची गोष्ट. नेम चुकल्यास रायफलीची गोळी मैलाच्याही पलीकडे जाऊ शकते. आपले रान सपाट, आणि रात्रीच्या विजेमुळे दारे धरणारी माणसे अंधारात उभी असतात. तेव्हा जनावरामागे बांधाची किंवा टेकाडाची माती दिसल्याविना घोडा ओढू नये.

पीक एका हंगामाचे असते. ते गेले तर पुन्हा पेरता येते. शेजाऱ्याच्या जिवाचे तसे नाही, एवढे लक्षात ठेवून काडतूस भरावे.