चार्जर व टॅबलेट यांचा मेळ : एक प्रात्यक्षिक पाठ

शाळेतील टॅबलेट चार्ज होईनासा झाला, की तो बिघडला असे समजून कपाटात ठेवला जातो व मुलांचे पाठ खोळंबतात. वास्तविक पुष्कळदा टॅबलेट सुस्थितीत असतो. चार्जर, केबल व टॅबलेट यांचा मेळ तेवढा बसलेला नसतो. हा दोष शिक्षकास स्वतः शोधता येतो. वरच्या इयत्तांच्या मुलांसाठी तो विज्ञानाचा व गणिताचा पाठही होऊ शकतो.

पूर्वतयारी. चार्जरवर ‘आउटपुट’ या शब्दापुढे व्होल्ट व अँपिअर असे दोन आकडे छापलेले असतात. व्होल्ट म्हणजे विद्युतदाब, अँपिअर म्हणजे प्रवाह; दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. ५ व्होल्ट व १ अँपिअरचा चार्जर ५ वॅट देतो, ५ व्होल्ट व २ अँपिअरचा १० वॅट.

मुख्य नियम. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर आवश्यक तेवढे किंवा अधिक असावेत. विहिरीत पाणी कितीही असले तरी घागरीत घागरीपुरतेच येते, तद्वत उपकरण आपणास हवा तेवढाच प्रवाह घेते. अँपिअर कमी पडल्यास मात्र चार्जिंग मंद होते.

टाइप-सी जोडणीत प्रारंभी ५ व्होल्टच मिळतात. दोन्ही उपकरणांत सोय असल्यास परस्परसंकेतानंतरच दाब ९, १५ किंवा २० व्होल्टपर्यंत वाढतो. गोल पिनेच्या साध्या चार्जरमध्ये असा संकेत नसतो. तेथे पीन बसली तरी व्होल्ट व धन-ऋण टोके जुळल्याशिवाय जोडू नये. उपकरण जळण्याचा संभव असतो.

युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल व टॅबलेटना टाइप-सी तोंड सक्तीचे झाले आहे. तथापि तोंड सारखे असले म्हणजे आतील रचना सारखीच असते, असे नव्हे. काही स्वस्त उपकरणे दोन्ही टोकांस टाइप-सी असलेल्या केबलने चार्ज होत नाहीत. एका टोकास जुने चपटे, रुंद तोंड असलेल्या केबलने होतात.

शोधाचा क्रम. एका वेळी एकच वस्तू बदलावी, म्हणजे दोष नेमका कळतो.
१. त्याच सॉकेटवर दुसरे चालू उपकरण लावून वीज आहे ना, ते पाहावे.
२. केबल बदलावी.
३. चार्जर बदलावा, आकडे आधी वाचावेत.
४. टॅबलेट बंद करून त्याच्या तोंडातील धूळ कोरड्या लाकडी काडीने हलकेच काढावी. धातूची टाचणी वापरू नये.
५. बॅटरी पूर्ण उतरली असल्यास अर्धा तास चार्जिंगला ठेवून मग निष्कर्ष काढावा.

बॅटरी फुगलेली दिसल्यास प्रयोग थांबवावा. ती दाबू वा टोचू नये. उपकरण मुलांपासून दूर ठेवून जाणकारास दाखवावे.

फळ्यावरील उदाहरण. बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तास व ३.७ व्होल्टची आहे. तिच्यात ५ × ३.७ = १८.५ वॅट-तास ऊर्जा मावते. ५ वॅटच्या चार्जरने ती भरण्यास किती वेळ लागेल? १० वॅटच्या चार्जरने किती? उत्तरे ३.७ तास व १.८५ तास येतील. काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जात असल्याने प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, हे मुलांकडूनच घड्याळ लावून पडताळून घ्यावे.

शेवटी प्रत्येक चार्जरवर त्याच्या टॅबलेटचा क्रमांक चिकटवावा व हे काम मुलांकडे सोपवावे.